संत्र्याची साल, वाळ्याची जुडी आणि घराचा वास

घरात छान वास यावा म्हणून आपण बाजारातून जे विकत आणतो, त्यातलं बरंचसं रोज सकाळी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकून देत असतो. मला हे ठाण्याच्या घरात उमगलं. माझं माहेर काटोलचं, संत्र्याच्या बागांच्या मुलखातलं. सासर वेंगुर्ल्याचं, मासळीवर जीव असलेलं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमाराला येऊ लागतात आणि मृग बहाराची शिमग्याच्या आगेमागे. या सगळ्या काळात आमच्या ओट्यावर एका बाजूला माहेरून आलेली पेटी असते आणि दुसऱ्या बाजूला परातीत बांगडे नाहीतर मांदेली. घर रस्त्याला लागून, त्यामुळे धुळीच्या भीतीने खिडक्या दिवसभर लावलेल्या. तळणीचा वास एकदा पडद्यांत शिरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाही.

पूर्वी त्यावर बाजारातला फवारा मारत असू. सासूबाईंचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी फवारे बंद करायला सांगितले आणि उदबत्तीही. वास तर रोजचाच होता. म्हणून हातात जे होतं, म्हणजे साली, टरफलं, चोथा, त्यांच्याकडे मी नीट बघायला लागले.

पहिली गोष्ट शिकवली ती सासूबाईंनी. मी पातेल्यात साली उकळायला ठेवल्या होत्या आणि मोरीच्या जाळीत माशाची खवलं तशीच होती. त्या म्हणाल्या, “आधी घाण काढ गो, मगे वासाचा बघ.” या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. वास घालवणं हे एक काम आणि सुवास आणणं हे दुसरं. पहिलं केल्याशिवाय दुसरं केलं तर घरात संत्र्यात शिजलेल्या बांगड्याचा वास येतो, आणि तो नुसत्या बांगड्याच्या वासापेक्षा वाईट असतो.

समुद्राच्या माशाला जो वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या द्रव्याचा. मासा मेल्यावर त्याच्या अंगातल्या एका निर्गंध पदार्थापासून जिवाणू ते तयार करतात. ते अल्कधर्मी असतं. त्यावर आंबट काही पडलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येतच नाही. कोकणात मासे धुताना लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ लावायची रीत आहे, तिच्यामागे हेच आहे. सरबतासाठी पिळलेल्या लिंबाच्या फोडी मी आता टाकत नाही. त्यांत अजून पुरेसा आंबटपणा उरलेला असतो. फोडीवर चिमूटभर जाडं मीठ घ्यायचं आणि विळी, पाट, ओटा, मोरीची जाळी चोळून काढायची, दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि धुवायचं. हातांनाही तेच. माशाचा कचरा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवते आणि घंटागाडी आली की बाहेर काढते. एवढं केलं की निम्म्याहून जास्त लढाई संपते. यात अजून सुवास कुठेच आलेला नाही, पण घर स्वच्छ वासाचं होतं, आणि खरं सांगायचं तर बरेचदा तेवढंच पुरतं.

आता सालींकडे येते. संत्र्याची साल सोलताना वाकवली की तिच्यातून बारीक फवारा उडतो. लहानपणी आम्ही तो मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवायचो आणि तडतड ठिणग्या पडायच्या. तेच ते तेल. सालीच्या वरच्या नारिंगी थरात डोळ्यांना दिसतील अशा बारीक पिशव्या असतात, त्यांत ते भरलेलं असतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. आतल्या पांढऱ्या थराला सुगंध नाही. तो कडवट असतो, पाणी धरून ठेवतो आणि बुरशी पहिल्यांदा त्यालाच येते. म्हणून सोलल्यावर चमच्याच्या कडेने तो पांढरा थर खरवडून काढायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हे काम सहज होतं. किन्नूची साल पातळ आणि चिकटून बसलेली असते, तिच्याशी झटापट करावी लागते. मोसंबीची साल सुरीने, बटाटा सोलतो तशी वरच्यावर काढली तर पांढरं येतच नाही. चकाकणारी, मेणाचा हात दिलेली फळं असतील तर सोलण्यापूर्वी कोमट पाण्यात मीठ घालून खसखसून धुऊन घ्यायची.

वाळवणं हा या सगळ्याचा कणा आहे. आम्हा मराठी बायकांना वाळवण म्हटलं की कडक ऊन आठवतं, कुरड्या-पापडांना ते लागतंच. सालीला मात्र ऊन लागलं की तेल उडून जातं आणि उरते ती फिकट, कागदासारखी चोय. मी एकाच पेटीतल्या साली दोन सुपांत पसरून बघितल्या, एक सूप गॅलरीत उन्हात आणि एक आत पंख्याखाली. उन्हातल्या लवकर वाळल्या, पण चुरगळून नाकाशी नेल्यावर वास जेमतेम आला. पंख्याखालच्या साली रंगानेही भडक राहिल्या आणि मोडल्याबरोबर खोली भरून गेली. तेव्हापासून साली सावलीतच. सूप किंवा रोवळी घ्यायची, म्हणजे खालूनही हवा लागते. स्टीलच्या ताटात खालची बाजू दमट राहते. साल वाकत असेल तर ती अजून वाळलेली नाही. कडकन मोडली पाहिजे. तशी झाली की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.

सगळाच कचरा या कामाचा नसतो. मी मनाशी एक साधी वाटणी केली आहे: ज्याचा वास तेलाचा आहे ते ठेवायचं, ज्याचा वास साखरेचा आहे ते खतात घालायचं. आंब्याच्या साली, केळ्याच्या साली, फणसाची चारखंडं म्हणजे काटेरी सालं कितीही गोड वासाची असली तरी वाळण्याआधी आंबतात आणि घरभर चिलटं होतात. संत्रं, मोसंबी, लिंबू, आल्याच्या साली, वेलचीची टरफलं, गवती चहाचे बुडखे, कढीपत्त्याच्या काड्या, पुदिन्याचे देठ हे सगळं तेलाच्या वासाचं. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल, कवठ आणि सासूबाईंच्या बांगड्याच्या सारातलं तिरफळ ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. कढीपत्त्याचं पान उजेडासमोर धरलं तर बारीक ठिपके दिसतात, त्याही तेलाच्याच पिशव्या. तिरफळाची बी काढून टाकतात आणि साल वापरतात. कालवणात ठेचून घालताना जो लिंबासारखा, नाकात किंचित चुरचुरणारा वास येतो तो मला इतका आवडतो की एक-दोन टरफलं मी साठ्यात राखून ठेवते.

चहाच्या चोथ्याबद्दल लोक हमखास विचारतात. आपल्याकडे चहा दूध-साखर घालून उकळतात, तो चोथा तासाभरात आंबूस होतो. तो झाडांना घालायचा असला तरी आधी धुवावाच लागतो. कोऱ्या चहाचा किंवा फिल्टर कॉफीचा चोथा मात्र परातीत पसरून कोरडा केला आणि वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवला तर तिथला वास ओढून घेतो. तो सुवास देत नाही, घेतो. हेही कामाचंच.

रोज वापरात येतं ते पातेलं. लिटरभर पाणी, मूठभर ओल्या किंवा वाळलेल्या साली, आल्याच्या साली, वेलचीची चार-पाच टरफलं आणि असलाच तर दालचिनीचा तुकडा. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक करायचा आणि झाकण काढून ठेवायचं. खळखळ उकळत ठेवण्याची गरज नसते. लिमोनिन एकटं असेल तर १७६ अंशांवर उकळतं, पण पाण्याबरोबर असलं की पाण्याच्या उकळबिंदूच्याही जरा खालीच वाफेसोबत बाहेर पडतं. अत्तरवाले वाफेवर अर्क काढतात तेही याच गुणावर. म्हणजे नुसती वाफ निघत राहिली तरी काम होतं, गॅस फुकट जाळायला नको. वीस मिनिटांत दिवाणखान्यापर्यंत वास पोचतो. पाणी आटत आलं की गरम पाणीच वाढवायचं आणि पातेल्यापासून लांब जायचं नाही. तळाला लागलेल्या सालीचा वास माशापेक्षा हट्टी असतो. लवंग घालायची तर एकच. तिच्यातलं युजेनॉल इतकं ठसठशीत असतं की दोन लवंगांत घराचा दवाखाना होतो.

मसाल्याच्या दिवसांत या पातेल्याला मोठं घबाड मिळतं. एप्रिल-मे महिन्यात घरी गोडा मसाला होतो. कुटून चाळल्यावर चाळणीत जो जाड चुरा राहतो, त्यात दगडफूल, दालचिनी, तमालपत्राच्या शिरा, वेलचीची सालं असं सगळं असतं. तो मी डबीत भरून ठेवते, पातेल्यात चमचाभर पुरतो. मात्र हा चुरा मिरची न घातलेल्या मसाल्याचाच हवा. डंकावरून आणलेल्या मालवणी मसाल्याची चाळ चुकूनही उकळायची नाही, तिच्या वाफेने घरातली सगळी माणसं खोकत गॅलरीत जातील, आणि दम्याच्या माणसाला तर तो थेट धोकाच आहे.

सासूबाईंना या वाफेचा त्रास होत नाही, पण आम्ही ते गृहीत धरलं नाही. पहिल्यांदा खिडक्या उघड्या ठेवून अगदी थोड्या साली घातल्या आणि त्या बाहेरच्या खोलीत बसल्या. झाडाचं आहे म्हणून ते सगळ्यांना मानवेलच असं नसतं. हवेतल्या ओझोनशी लिमोनिनचा संयोग झाला की त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइडही तयार होतं, म्हणून कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास पातेलं ठेवत नाही. खिडकीची एक फळी उघडी असते. शेजारच्या घरी मांजर आहे, त्यांना मी साली देत नाही. लिंबू-संत्र्याच्या तेलातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

पातेल्याचा सुवास त्या संध्याकाळपुरता. बाथरूम, चपलांचं कपाट, पुस्तकांचा कोपरा इथे रोज पातेलं कोण नेणार? तिथे मिठाने साथ दिली आणि भांडं दिलं संक्रांतीने. सुगडांत हरभरे, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, तिळगूळ भरून वाण दिलं-घेतलं की ती सुगडं घरात नुसती पडून राहतात. फेकवतही नाहीत. नेमकी तेव्हाच संत्र्यांच्या दोन बहारांमधली सांधेपालट चालू असते आणि बरणीत साली भरपूर असतात. सुगड कोरडं करून तळाशी बोटभर जाडं मीठ घालते, त्यावर सालीचे वाळके तुकडे, वेलचीची टरफलं, देवावरच्या गुलाबाच्या वाळवलेल्या पाकळ्या, परत मीठ, परत साली. तोंडाला जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा बांधायचा. मीठ ओल शोषून घेतं, त्यामुळे साली खराब होत नाहीत आणि तेल सावकाश सुटत राहतं. दर आठवड्याला चमच्याने वरखाली करायचं, आणि सोललेल्या ताज्या संत्र्याची साल त्यावर वाकवून तो बारीक फवारा मिठावर उडवायचा. साधारण महिना-दीड महिना असं सुगड चांगलं चालतं.

यात एक अडचण राहते. संत्र्याचा सुवास हलका, चटकन येतो आणि चटकन जातो. त्याला धरून ठेवणारं जड काहीतरी सोबत लागतं. कनौजचे अत्तरवाले गुलाबाचा, मोगऱ्याचा अर्क पिढ्यान्‌पिढ्या चंदनाच्या तेलात उतरवत आले ते यासाठीच. चंदन आपल्या कचऱ्यात कुठून येणार? पण वाळा येतो. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडलेली असते. आठ-दहा दिवसांनी पाण्याला वास येईनासा झाला की ती बुळबुळीत होण्याआधीच सगळे टाकून देतात. मी ती धुऊन सावलीत वाळवते. पाण्यात उतरायचं तेवढं उतरलेलं असतं, पण मुळांत खोलवरचं तेल अजून शिल्लक असतं. वाळ्याचं तेल जड, फार हळूहळू उडणारं. कात्रीने बारीक कापलेला वाळा सुगडात साली-मिठाबरोबर घातला तेव्हा पहिल्यांदाच सुवास टिकला आणि बदललाही. वर संत्रं, खाली पहिल्या पावसाच्या मातीचा गंध. या शोधाचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. आता शेजारणी त्यांच्या माठातल्या जुड्याही माझ्याकडे आणून देतात.

सुगडातलं मीठ जुनं झालं की तेही वाया जात नाही. पिळलेल्या लिंबाच्या फोडीवर ते घेऊन देवाचा तांब्या, ताम्हण, समया घासते. लिंबातल्या आम्लाने तांब्या-पितळेवरचा काळपटपणा विरघळतो आणि मिठाच्या खड्यांनी तो निघून येतो. हे मीठ खाण्याच्या मिठापासून लांब, वेगळ्या फळीवर ठेवायचं. आमच्या सगळ्या सुगडांवर आणि बरण्यांवर कागद चिकटवलेला आहे.

राहिला विस्तव. सासूबाईंच्या काळात बाळ-बाळंतिणीला धुरी देताना निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकत. म्हणजे स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं विस्तवावर घालणं काही नवं नाही. आता तान्ह्या बाळाजवळ धूर नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि आमच्या घरी तर दमा आहे. म्हणून धूप होतो तो फक्त गॅलरीत, सासूबाई मुलीकडे गेलेल्या असतील त्या दिवसांत. तरी तो करायला शिकले, कारण निर्माल्यातली फुलं रोज जमतात आणि नदी-तलावात ती टाकायची नाहीत हे आमच्या घरात पक्कं आहे.

झेंडू आणि गुलाब पाकळ्या सुट्या करून वाळवायचे आणि मिक्सरमध्ये भरडायचे. दोन वाट्या फुलांची पूड, एक वाटी गोवरीची भुकटी, अर्धी वाटी मैदालकडीची पूड, पाव वाटी कुटलेली राळ किंवा गुग्गुळ, चमचाभर तूप आणि दिवाळीत उरलेलं उटण्याचं पाकीट. उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा आयतेच असतात. मैदालकडी चिकट असते, तिच्यावर सगळं बांधलं जातं. ती आणि गुग्गुळ एवढंच काष्ठौषधींच्या दुकानातून आणावं लागतं. कोमट पाणी शिंपडत पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळायचं, करंगळीएवढ्या कांड्या वळायच्या आणि सावलीत वाळवायच्या. वरून कोरड्या दिसल्या तरी आतून ओल्या असतात आणि पेटवल्यावर विझत राहतात, म्हणून घाई करायची नाही. कांड्या नसतील तेव्हा करवंटीचा तुकडा गॅसवर धरून त्याचा निखारा करते आणि धुपाटण्यात त्यावर चिमूटभर पूड टाकते. नारळ रोजचाच, करवंट्यांना तोटा नाही.

धुपात मी संत्र्याची साल घालत नाही. घालून बघितली आहे. जळताना तिचा संत्र्याचा वास येतच नाही, करपलेल्या साखरेसारखा कडवट धूर निघतो. जे हलकं तेल वाफेवर इतकं सुरेख उतरतं, ते निखाऱ्यावर क्षणात जळून जातं. उलट गुग्गुळ, राळ, नागरमोथा घरच्या पातेल्यात उकळले तर फारसं हाती लागत नाही, त्यांना विस्तवच पाहिजे. साल पाण्याला, पाकळ्या आणि वाळा मिठाला, राळ आणि मुळं विस्तवाला अशी आता माझ्या फळ्यांवर सरळ मांडणीच झाली आहे.

पावसाळ्यात ही मांडणी थोडी हलते. जूनपासून ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि सुक्या सुंगटांचा, बोंबलांचा वास जास्त. त्यात दमटपणाचा वास वेगळाच. सुगडं तेव्हा चालत नाहीत, मीठ ओल ओढतं आणि कच्च्या भाजलेल्या मातीतून झिरपून बाहेर पांढरी खपली धरतं. ती रिकामी करून धुऊन ठेवते आणि मीठ-साली काचेच्या बरणीत जातात. कपाटांसाठी मीठ नकोच. तिथे वाळा, साली, दोन लवंगा आणि कढीपत्त्याच्या वाळक्या काड्या यांच्या पुरचुंड्या करून साड्यांच्या घड्यांमध्ये न ठेवता फळीच्या कोपऱ्यात ठेवते, म्हणजे तेलाचा डाग लागत नाही. या पुरचुंड्या गणपतीच्या आधी बदलायच्या असतात, कारण त्याच दिवसांत ठेवणीतल्या साड्या बाहेर निघतात. त्यासाठी लागणाऱ्या साली मात्र मार्चमध्येच वाळवून बरणीत बंद केलेल्या हव्यात; ऑगस्टमध्ये बाजारात मोसंबी मिळते, पण त्या हवेत तिची साल कडकन मोडेपर्यंत वाळत नाही.